कोऱ्या जागेपुढचा मजकूर

३ फेब्रुवारी

ही वही ताईने आणून दिली. म्हणाली, "बोलत नाहीस तर निदान लिही." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्यावर तिने वहीवर पेनही ठेवलं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि आजवर तिच्यापुढे माझं काही चाललेलं नाही. तेव्हा लिहितो.

आधी घरचं. धाकट्या भावाला जाऊन उद्या चार महिने होतील. मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा. इंजिनघरात वाफेचा पाइप फुटला आणि तो समोर उभा होता. आईला हे ठाऊक नाही. त्याच्या दोनच दिवस आधी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, हृदय आधीपासूनच अधू. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस थांबा. पंधरा दिवसांचे चार महिने कसे झाले असं कुणी विचारलं, तर मी आणि ताई एकमेकांकडे बोट दाखवू.

आई आता शुश्रूषागृहात आहे. चालायचा सराव चालू आहे, म्हणजे सिस्टर सांगतात आणि आई नाही म्हणते. धाकट्याचं कंत्राट वाढलं, बोट लांब गेली, फोन लागत नाही, पत्रं तेवढी येतात, असं आम्ही तिला सांगितलं आहे. पत्रं मी लिहितो. कॉम्प्युटरवर ठसठशीत अक्षरांत छापतो आणि वाचून दाखवतो. ताईने तिथल्या सिस्टरांना सगळं सांगून ठेवलंय. तीन पाळ्यांत मिळून वीसेक जणी असतील, बदल्याही होतात, पण इतक्या दिवसांत एकीच्याही तोंडून अवाक्षर गेलेलं नाही. कसं जमवतात कोण जाणे. काल मात्र एका नव्या सिस्टरने आईला विचारलं म्हणे, "आजी, दुसरा मुलगा काय करतो, तो नाही दिसला कधी?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवीन आहे, दुसरं काय.

आता ऑफिसचं. आमचं सॉफ्टवेअर अशा अकरा शुश्रूषागृहांत चालतं. प्रत्येक खाटेसमोरच्या भिंतीवर एक पाटी असते, लहान स्क्रीन म्हणा. त्यावर तारीख, वार, आज भेटायला कोण येणार आणि खाली सूचना. पडल्या पडल्या माणसाला आज वार कोणता हे कळावं म्हणून ही सगळी यातायात. आईसमोरही आमचीच पाटी आहे. गेल्या आठवड्यात नेमका तिथलाच सर्व्हर बसला. बॅकअपवरून सगळं परत आणलं, तर एकसष्ट सूचना अर्धवट आल्या. तक्रार साहेबांकडून फिरत फिरत माझ्याकडे आली. हा भाग सगळ्यात जुना आहे आणि त्याला हात लावायला कुणी धजत नाही. मी लावतो, कारण त्यातला निम्मा मीच लिहिला आहे.

५ फेब्रुवारी

सापडलं. नल.

नल हे एक अक्षर आहे, पण दिसत नाही, छापलं जात नाही, जागा मात्र एक खातं. मजकूर कुठे संपला हे यंत्राला कळावं म्हणून जुन्या पद्धतीत शेवटी हे ठेवायचे. त्यामुळे ते चुकून मध्येच आलं, तर यंत्र तिथेच थांबतं. पुढे दोन पानं असली तरी त्याच्या लेखी गोष्ट संपली. आमचा रात्रीचा बॅकअप तसाच वागत होता. सिस्टरांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र मजकुराची लांबी मोजून वाचतो, म्हणून तिथे सगळं दिसायचं आणि इतकी वर्षं कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

मध्येच नल येतो कुठून? बहुधा जुने कीबोर्ड. कंट्रोलचं बटण दाबलेलं असताना स्पेस दाबली गेली तर तिथल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये नल उमटतो, हे मी स्वतः करून पाहिलं.

एक गंमत लिहून ठेवतो. सूचना खाजगी असतात, म्हणून आमच्याकडे येतात तेव्हा प्रत्येक अक्षराच्या जागी क्ष असतो. फक्त मोकळ्या जागा, पूर्णविराम आणि हे नल तसेच राहतात. एकसष्ट सूचनांत मिळून एकसष्ट नल आहेत. प्रत्येकीत एकच. आणि प्रत्येक वेळी पूर्णविरामानंतर. कीबोर्ड बिघडला असेल तर तो शब्दाच्या मध्येही कधीतरी बिघडायला हवा. असो. नल आला कुठून हे माझं काम नाही, आला तर तो सांभाळणं हे आहे.

६ फेब्रुवारी

आईला पत्र वाचून दाखवलं. समुद्र शांत आहे, जेवण बेचव आहे, तुझी आठवण येते, वगैरे.

आई म्हणाली, "हा हल्ली फार शहाण्यासारखं लिहितो."

"वय झालं त्याचं."

"बेचाळीस हे काय वय आहे? आणि माझ्या खुब्याची चौकशी चौथ्या ओळीत?"

आईने तीस वर्षं शिवणकामाचे वर्ग घेतले. उसवलेला टाका तिला खोलीच्या दारातून दिसतो. मी पुढच्या पत्रात खुबा पहिल्या ओळीत घेईन.

ती रागावली आहे. ऑपरेशनला आला नाही, वर विचारल्याशिवाय कंत्राट वाढवलं. "मोठ्याला सांगावं लागत नाही, ताईला सांगावं लागत नाही, यालाच काय धाड भरली?" मी बाजू घ्यायला गेलो तर म्हणाली, "तू त्याची वकिली करू नकोस. लहानपणापासून तेच करत आलायस." मग उत्तर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ती सांगते, मी या वहीच्या मागच्या पानांवर उतरवतो आणि पाठवलं म्हणून सांगतो.

निघताना मोठ्या सिस्टर दुरून येताना दिसल्या. वॉर्ड त्यांच्या ताब्यात आहे. मी जिन्याने उतरलो. त्या भेटल्या की एकच विचारतात, "आजींना कधी सांगताय?" बाई सज्जन आहेत. पण उत्तर नसलं की सज्जन माणसाचीही भीती वाटते.

१० फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांचाच ऑफिसात फोन. तक्रार त्यांनीच केली होती. मी उचलला म्हटल्यावर थोड्या थांबल्या, मग कामाचंच बोलल्या.

"आम्ही आठवून आठवून सगळं परत टाकलंय. एवढंच बघा की पुन्हा जायला नको."

"नाही जाणार. मुळापासून दुरुस्त करतोय."

"मुळापासून नको हो. भिंतीवरच्या पाट्या आहेत तशाच राहू देत. त्यांना हात लावू नका."

मागच्या अपडेटमध्ये पाट्यांवरची अक्षरं लहान झाली होती आणि सगळ्या आजी-आजोबांनी यांचं डोकं खाल्लं होतं. त्याचा धसका अजून गेलेला दिसत नाही. मी म्हटलं, अक्षरं तेवढीच राहतील, काळजी करू नका.

"तसं नाही. फोनवर नको, इथे आलात की दाखवते. येताच ना तुम्ही आईंकडे."

येतो म्हटलं.

११ फेब्रुवारी

आमच्या चाचणी विभागात एक मुलगी आहे, तिला सगळे भिंग म्हणतात. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आज येऊन म्हणाली, "सर, बॅकअप दुरुस्त करताय, पण पाटीचं काय? पाटीही नलपाशीच थांबते. टेबलावर चार ओळी दिसतात, पाटीवर दोनच."

बघितलं तर खरंच. हा रोग एकाच घरात नव्हता.

"पण सर, एवढी वर्षं कुणी ओरडलं कसं नाही?"

"लोकांना सवय होते," मी म्हटलं. तिने ते पटल्याचं काही दाखवलं नाही.

१४ फेब्रुवारी

गेल्या दोन वेळी आईकडे गेलो तेव्हा मोठ्या सिस्टर होत्या. एकदा मी त्यांना पाहून वळलो, एकदा त्या कामात होत्या आणि मी ते बरंच झालं असं मानलं. पाट्यांचं त्या काय दाखवणार होत्या ते राहिलं. फोन करीन.

ताईचा फोन आला होता. म्हणते, आता सांगून टाकू, डॉक्टरही हो म्हणतात. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात तपासण्या होऊ देत. ताई म्हणाली, "तुला भीती आईची वाटते की स्वतःची?"

खरं लिहायचं तर लिहितो. काल पत्र लिहिताना बोटीवरच्या स्वयंपाक्याचा एक किस्सा मी रचला, धाकटा सांगायचा तसा, हातवारे करून सांगितल्यासारखा. लिहिता लिहिता मोठ्याने हसलो. टाळी द्यायला हात पुढे केल्यावर लक्षात आलं. आईला सांगितलं की पत्रं बंद होतील.

१८ फेब्रुवारी

झालं काम. चांगलं झालंय, स्वतःच्या तोंडाने सांगतो.

आता प्रत्येक मजकुरासोबत त्याची लांबी साठवली जाते. बॅकअपमध्ये नल जसाच्या तसा न लिहिता त्याच्या जागी एक दिसणारी खूण लिहायची, परत आणताना खुणेचा पुन्हा नल करायचा. आणि ती खूणच एखाद्याने मजकुरात लिहिली असेल तर? तिच्यासाठी वेगळी खूण. भिंगने तीन दिवस वाट्टेल ते टाकून पाहिलं, नलने सुरू होणारं, नलने संपणारं, नुसते नलच नल. जे आत गेलं तेच बाहेर आलं.

पाटीही आता पूर्ण मजकूर दाखवते. नलच्या जागी एक कोरी जागा सोडते, म्हणजे शब्द एकमेकांना चिकटत नाहीत. इतकी वर्षं अर्धंच दिसणारं आता सगळं दिसेल. साहेबांनी पाठ थोपटली. किती दिवसांनी घरी जाताना बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

आईने आज धाकट्याला निरोप सांगितला. इतकी संतापलेली तिला मी पाहिली नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा परदेशातून येऊन गेला, त्यामुळे पुन्हा आठवण झाली. तिने सांगितलं तसं शब्दन्‌शब्द मी लिहून घेतलं:

(इथल्या चार ओळी २७ तारखेला खोडल्या.)

मला मध्येच थांबवावंसं वाटलं. "आई, एवढं नको," असं म्हणालोही. ती म्हणाली, "लिही. वाचून तरी लाज वाटेल." मी लिहिलं.

२४ फेब्रुवारी, सकाळ

सात वाजता नवी आवृत्ती अकराही ठिकाणी चढवली. सव्वासातला सगळ्या पाट्या बंद होऊन पुन्हा सुरू झाल्या. एकही अडचण नाही. भिंगने चहा पाजला.

२४ फेब्रुवारी, दुपार

आत्ताच लिहून ठेवतो.

आठला दहा कमी असताना मोठ्या सिस्टरांचा फोन. "पाट्या बंद करा. आत्ताच्या आत्ता. सगळ्या."

"काय झालं?"

"तुम्ही पडदा काढलात."

मला कळेना. मग त्यांनी ओरडत, रडत सांगितलं. कंट्रोल दाबून स्पेस दाबली की पुढचं पाटीवर दिसत नाही, टेबलावर मात्र दिसतं, हे सात-आठ वर्षांपूर्वी कुण्या सिस्टरला कळलं. तेव्हापासून सगळ्याजणी तसंच करत आल्या. पेशंटला दिसायचं ते आधी, मग पडदा, मग आपल्या आपल्यात ठेवायचं ते. नवी सिस्टर आली की पहिल्या दिवशी तिला पडदा कसा मारायचा ते शिकवायचं. एका घरातून बदली होऊन दुसरीकडे गेलेल्यांनी तिथेही नेलं. आम्ही त्यांना दुसरी जागाच दिलेली नव्हती. फोनवर नको म्हणाल्या त्या याचसाठी. नियमात बसत नव्हतं ना.

एकसष्ट नल. प्रत्येक वेळी पूर्णविरामानंतर. माणसाने विचार करून टाकल्याशिवाय असं होईल का? हे मी याच वहीत लिहिलं आणि खाली असो असं लिहून पान उलटलं.

अकरा ठिकाणच्या सहाशेचाळीस पाट्या बंद करायला नऊ मिनिटं लागली. शेवटची बंद झाल्यावर मला आईची पाटी आठवली.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

मी पोचलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. चष्मा डोळ्यांवर. समोरची पाटी काळी.

"बंद केलीस होय?" ती म्हणाली.

"हो."

"मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाचं माझ्याकडे आलं." मग तिने पाटीवरचं म्हणून दाखवलं, शिवणाच्या वर्गात मापं सांगायची त्या आवाजात. "पाणी मोजून द्यावे. चष्मा उशाशी ठेवावा. धाकटा मुलगा वारला. आजींना सांगितलेले नाही. मुलाचा विषय काढू नये."

मी उभाच होतो.

"खरं आहे का?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांग."

"खरं आहे, आई."

"कधी?"

"चार ऑक्टोबरला."

तिने बोटांवर महिने मोजले. तिची बोटं सुजलेली असतात, एकेक टेकवायला वेळ लागतो. "आणि पत्रं?"

"मी लिहायचो."

"सगळी?"

"सगळी."

मला वाटलं, आता रडेल, मी पुढे होऊन हात धरीन. चार महिने मी त्याचीच तयारी केली होती, तिला काही झालं तर काय करायचं, गोळी कुठली, डॉक्टरांचा नंबर कुठला. तिला काही झालं नाही. ती म्हणाली, "मी त्याला काय काय बोलले रे. पोरगं मरून गेलं आणि मी त्याच्यावर रुसून बसले. चार महिने. आणि तू इथे स्टुलावर बसून ते लिहून घेतलंस."

मी आई म्हटलं.

"एकदाही तुझा हात अडला नाही?"

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मोठ्या सिस्टर येऊन माझ्या खांद्याला धरून बाहेर घेऊन गेल्या. व्हरांड्यात त्यांना मी म्हटलं, तुम्ही मला सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "सांगायला मी तीनदा तुमच्यामागे आले. तुम्ही जिन्याने जायचात."

२५ फेब्रुवारी

साहेबांनी बैठक घेतली. इतर ठिकाणची खबर आली. एका निवृत्त मास्तरांनी आपल्याच पाटीवर वाचलं, आजार पसरला आहे, स्वतः विचारेपर्यंत सांगू नये. त्यांनी तो दिवस कुणालाच काही विचारलं नाही. एका आजींनी वाचलं, मुलगी म्हणते फोन लावून देऊ नये. एका आजोबांच्या पाटीवर, गोड बोलून जास्तीची बिस्किटं काढतात, सावध राहावे, असं आलं आणि ते मात्र दिवसभर सगळ्यांना बोलावून दाखवत होते. तेवढ्यावर बैठकीत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

साहेब म्हणाले, आपली चूक नाही. तक्रार होती, ती सोडवली, चाचणी झाली, कागद स्वच्छ आहेत. ते म्हणतात ते खरं आहे. भिंग माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं होतं की कुणी ओरडलं कसं नाही, आणि मी तिला वाटेला लावलं होतं. बैठक संपल्यावर मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "सर, तुमच्या आईंबद्दल कळलं. भावाबद्दलही. आम्हाला माहीतच नव्हतं." चार महिने माझ्या शेजारच्या टेबलावर बसते.

२७ फेब्रुवारी

आई भेटत नाही. परवा गेलो तर झोपेचं सोंग. काल सिस्टरकडून निरोप, आज नको. ताई आत जाते, मी व्हरांड्यात बसतो. ताई बाहेर येते, तिचे डोळे सुजलेले असतात, मी विचारतो काय म्हणाली, ताई सांगते, पाणी मागितलं.

आज आईने ताईबरोबर एक निरोप पाठवला. "त्याला सांग, मी बोललेलं ते जिथे लिहिलं असेल तिथून काढून टाक. एक शब्द ठेवू नको."

घरी येऊन मागची पानं फाडली. मग आठवलं, १९ तारखेचं मागे नव्हे, पुढेच लिहिलंय, रोजच्या मजकुरात. त्या ओळी खोडल्या. खालचं काही वाचता येऊ नये इतक्या खोडल्या, कागद फाटला. खोडायच्या आधी एकदा वाचल्या. धाकटा असता तर खदखदून हसला असता आणि पहिल्या गाडीने येऊन तिच्या पायाशी बसला असता, आणि पाच मिनिटांत तिने त्याला दटावून जेवायला घातलं असतं. त्या शिव्या त्याच्यासाठीच होत्या. दुसऱ्या कुणाला तिने इतक्या प्रेमाने शिव्या दिलेल्या नाहीत. हे मला लिहून घेताना का कळलं नाही?

रडलो. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. स्वयंपाकघरात उभा राहून, नळ सोडून, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये. घरात दुसरं कुणी नाही तरी.

४ मार्च

नवी दुरुस्ती. आता सूचनांचे दोन वेगळे कप्पे आहेत, एक पाटीसाठी, एक फक्त टेबलासाठी. करायला दीड दिवस लागला. दीड दिवसाचं काम आम्ही सात वर्षं केलं नाही, कारण कुणी मागितलं नाही, आणि आम्ही कुणाला विचारलं नाही.

जुन्या सूचनांतलं नलपुढचं आपोआप टेबलाच्या कप्प्यात टाकता आलं असतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आपोआप काही नको, आम्ही खाटेखाटेपाशी जाऊन वाचून हलवू. तुम्ही या बरोबर. मी त्यांना जिन्याने नव्हे, समोरून भेटलो.

९ मार्च

आज वॉर्डात ते काम केलं. सिस्टर टॅबलेट धरून वाचायच्या, काय हलवायचं ते सांगायच्या, मी हलवायचो. खाट क्रमांक चौदा आईची. मी मागेच थांबलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आजी, तुमचं ते वाक्य आम्ही काढतोय," सिस्टर म्हणाल्या. "पाटी पुन्हा सुरू झाली की नाही दिसणार."

"कुठलं?"

सिस्टर घुटमळल्या. "मुलाचं."

"राहू दे."

"आजी, रोज डोळ्यांसमोर..."

"रोज डोळ्यांसमोरच असतो तो. तुम्हा वीसजणींना ठाऊक, त्या केर काढणाऱ्या मावशींना ठाऊक, आणि माझ्याशी कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी इथे बसून त्याला शिव्या घालायची आणि तुम्ही माझं पांघरूण नीट करायच्या." तिचा आवाज चढला, मग बसला. "राहू दे ते. फक्त शेवटचं काढ. विषय काढू नये, ते. आणि नुसतं धाकटा मुलगा काय लिहिलंय? त्याला नाव नाही का?"

सिस्टरांनी टॅबलेट माझ्याकडे दिला. मी ते वाक्य काढलं, आणि आता खरं न उरलेलं, आजींना सांगितलेले नाही, हेही. धाकट्याचं नाव टाकलं. हे नाव मी सगळ्या पत्रांखाली टाकलं होतं, तेव्हा बोट अडलं नव्हतं. आज दोनदा चुकलं. मग पाटी सुरू केली. पाणी मोजून द्यावे, चष्मा उशाशी ठेवावा, आणि खाली तो, मोठ्या अक्षरांत. आईने चष्मा सारखा करून वाचलं आणि चूक काढली नाही.

आम्ही पुढच्या खाटेकडे वळत होतो तेवढ्यात केर काढणाऱ्या मावशी तिथे आल्या. झाडू भिंतीला लावून त्यांनी पाटी वाचली, एकेक अक्षर लावत. मग म्हणाल्या, "आजी, कसा होता हो तुमचा मुलगा?"

मोठ्या सिस्टर मागे वळल्या. मीही.

आई म्हणाली, "नालायक होता." मग तिची हनुवटी थरथरायला लागली आणि मावशींनी झाडू तसाच ठेवून तिचा हात धरला. आई रडली, लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. शेजारच्या आजी उठून बसल्या. कुणी तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने नाक पुसून ती म्हणाली, "शिवणाच्या वर्गातल्या बायकांच्या रिळांचे दोरे एकमेकांत गुंतवून ठेवायचा. एवढासा होता. आणि वर सोडवायला बसायचा, सगळ्यांत आधी."

हे मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा शाळेत असणार.

ती मावशींना सांगत राहिली. मी स्टूल ओढून थोडा लांब बसलो. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. तो पोहायला कसा शिकला, बोटीवर पहिल्यांदा निघाला तेव्हा पेटीत काय भरलं, तिच्याशी शेवटचं फोनवर काय बोलला. मावशी मध्ये मध्ये विचारत होत्या, मग, आणि मग? सिस्टरांनी उरलेल्या खाटा एकट्याने केल्या. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी उठलो. आई अजून सांगत होती.